गुंड्याचं नवं ठाण

तबेला बदलायची कारणं डॉक्टरबाईंनी बरीच सांगितली, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. नवा तबेला दवाखान्याला जवळ पडतो म्हणाल्या. तो उलट सहा मिनिटं जास्त लांब निघाला. तिथलं कुरण मोठं आहे, पाणी चांगलं आहे, घोडा बांधायच्या प्रत्येक ठाणाला खिडकी आहे. खिडकी होती, हे मान्य. पण घोड्याला खिडकीतून नेमकं काय बघायचं असतं, ते काही बाईंना सांगता आलं नाही.

खरं कारण तपकिरी स्वेटर घालून जुन्या तबेल्यात लीद उचलत असे. तिथले मोतद्दार, सगळ्यांचे काका. घोड्यांना चंदी घालायची, खरारा करायचा, ठाणं झाडायची, यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. बाईंचा घोडा चार वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होता. घोडा बाईंचा, खोगीर बाईंचं, नावही बाईंनी हौसेने ठेवलेलं, सम्राट. काका त्याला गुंड्या म्हणत. आणि सम्राट अशी हाक मारली तर कानही न हलवणारा तो प्राणी गुंड्या म्हटलं की मानेसकट वळायचा.

तेही बाईंनी पोटात घातलं असतं. पण तो हुंकार! घोडा खिंकाळतो ते वेगळं. ते तो कुठल्याही घोडीला बघून खिंकाळेल. हुंकार म्हणजे तोंड मिटलेलं, नाकपुड्या थरथरताहेत आणि घशातल्या घशात एक हलका, ऊबदार आवाज. आपलं माणूस आलं की घोडा तेवढाच आवाज काढतो. काका अंगणात नुसते खाकरले तरी गुंड्या हुंकार द्यायचा. बाई रोज संध्याकाळी, दिवसभर लोकांचे दात उपटून आणि भरून झाल्यावर, पिशवीभर गाजरं घेऊन यायच्या. तो गाजरं खायचा. नीट, सभ्यपणे, एखाद्या पाहुण्याने पुढे केलेलं खावं तसा. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत बसायचा.

एक महिना बाईंनी चंदीची बादली स्वतःच्या हाताने दिली. काकांना म्हणाल्या, तुमच्या कंबरेला आराम. काका म्हणाले, "द्या की. पण बादली ठेवून लगेच निघू नका बरं, थोडं थांबा त्याच्यापाशी." बाई थांबल्या. महिनाभर थांबल्या. हुंकार नाही तो नाहीच. वर "थोडं थांबा" असं आपल्याच घोड्याबद्दल आपल्याला सांगणारा हा कोण, म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या त्या वेगळ्या.

घरी नवऱ्याने हसून घेतलं. "बावीस वर्षांच्या संसारात तू माझ्यापायी कुणावर एवढी जळली नाहीस."

"तुला बघून कधी कुणी हुंकार दिलाय?" बाई म्हणाल्या. नवऱ्याने वर्तमानपत्र वर धरलं.

न्यायच्या दिवशी सकाळीच घोड्यांची गाडी आली. मागची फळी खाली टाकून ड्रायव्हरने दोर हातात घेतला, आणि गुंड्याने चारी पाय जमिनीत रोवले. बाईंनी गाजर दाखवलं. त्याने गाजर खाल्लं आणि दोन पावलं मागे सरकला. ड्रायव्हरने ओढून पाहिलं, मागून टाळ्या वाजवून पाहिल्या, डोळ्यांवर फडकंही बांधून पाहिलं. पाऊण तास गेला. काका तिकडे उलट्या बादलीवर बसून एका लगामाला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही. बोलावल्याशिवाय यायचं नाही, एवढं त्या माणसाला कळत होतं, आणि नेमकं तेच बाईंना सहन होईना. तो मध्ये पडला असता तर निदान त्याच्यावर खेकसता तरी आलं असतं.

शेवटी ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला, "बाई, मला दुपारी दुसरी फेरी आहे."

"काका," बाई म्हणाल्या. एवढंच. 

काका उठले, हात पँटला पुसले. दोर सैल सोडला, घोड्याकडे पाठ केली आणि एकटेच फळीवर चढून आत गेले. आतून म्हणाले, "चल रे गुंड्या, उगाच तमाशे नको." गुंड्या त्यांच्यामागून टाप टाप करत आत चढला, जणू इतका वेळ तेवढ्याचसाठी थांबला होता. बाईंनी ड्रायव्हरकडे बघायचं टाळलं.

काका बाहेर आले ते डोळे चोळत. गवताचा कचरा गेला, म्हणाले. मग त्यांनी एक गोणी आणून बाईंच्या गाडीच्या डिकीत ठेवली. वर त्यांचा तो तपकिरी स्वेटर होता, कोपरावर हिरव्या लोकरीने रफू केलेला.

"गोणीत त्याच्या ठाणातला जुना पेंढा आहे. तिकडे नव्या पेंढ्यात मिसळून पसरा. स्वेटर कडीला अडकवा, त्याच्या नाकाच्या उंचीला. अनोळखी जागेत वासावर धीर येतो त्याला. दोन-चार दिवसांचंच काम. मग टाकून द्या."

"हो," बाई म्हणाल्या. "थँक यू, काका."

नव्या तबेल्याची मालकीण चटपटीत बाई होती. बोलता बोलता तिने गुंड्याचे खूर तपासले, दात पाहिले आणि दातांच्या डॉक्टरांपुढे त्यांच्याच घोड्याच्या दातांवर दोन शब्द सुनावलेही. मग विचारलं, "जुना पेंढा दिलाय ना त्यांनी? आम्ही पहिल्या दिवशी घालतोच."

डिकी दहा पावलांवर होती. चार वर्षं ज्या वासाने आपलं घोडं आपल्याला परकं केलं, तो वास बाईंनी इथवर स्वतःच्या गाडीतून वाहून आणला होता. आता तो स्वतःच्याच हाताने ठाणात पसरायचा? मग तबेला बदलला कशासाठी?

"नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतं मी. विसरले ते."

हे इतकं सहज तोंडातून गेलं की त्यांनाच जरा दचकायला झालं. पण गेलं ते गेलं.

त्या रात्री गुंड्याने काही खाल्लं नाही. नवी जागा आहे, होतं असं, मालकीण म्हणाली. दुसऱ्या दिवशी मूठभर गवत चघळून टाकलं. चंदीच्या बादलीत नाक घालून बाहेर काढलं. खिडकी होती, पण तो खिडकीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभा राहिला. कुणाचं पाऊल वाजलं की कान टवकारायचे, माणूस दिसलं की पडायचे. बाई दिसल्या तरी पडायचे. बाईंनी दुपारचे सगळे पेशंट रद्द केले आणि ठाणासमोर स्टूल टाकून बसल्या. आता तर मध्ये कुणी नव्हतं. आता तरी माझ्याकडे बघशील की नाही? तो बघेना. काकांचे दोन फोन येऊन गेले. बाईंनी ते वाजू दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकीण गंभीर झाली. "पोट आत गेलंय. लीदही धड टाकली नाही रात्रीपासून. घोड्याचं पोट एकदा बिघडलं की सावरायला वेळ देत नाही. मी घोड्यांच्या डॉक्टरला बोलावते."

ती फोन करायला आत गेली, आणि बाई गाडीकडे जवळजवळ धावतच गेल्या. भीती वाटत होती, आणि लाजही. कुठली जास्त ते सांगता आलं नसतं. गोणी ओढत आणली, पेंढा ठाणात पसरला. गुंड्याने खाली मान घातली, जोरात फुरफुरला, पुन्हा हुंगलं. बाईंच्या हातात स्वेटर उरला. कडी समोर होती, नाकाच्या उंचीला.

अडकवायचा आणि बाजूला व्हायचं, इतकं सोपं काम होतं. पण कडीला लटकणाऱ्या लोकरीला बघून त्याने हुंकार दिला असता, तर ते बाईंच्याने पाहवलं नसतं. माणसाने एखाद्या माणसावर जळावं. स्वेटरवर जळायची पाळी येऊ नये. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. मग पटकन स्वेटर डोक्यातून घातला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. तेल, घाम, गवत आणि कसल्याशा मलमाचा वास आला. त्या ठाणात गेल्या आणि उभ्या राहिल्या.

गुंड्याने मान वर केली. नाकपुड्या थरथरल्या. आणि त्याने हुंकार दिला.

चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो आवाज आता बाईंच्या छातीपासून वीतभर अंतरावरून येत होता. गुंड्या पुढे आला, रफू केलेल्या कोपरात त्याने नाक खुपसलं आणि मोठा श्वास सोडला. बाई हलल्या नाहीत. डोळे मिटले की हे सगळं आपलंच आहे असं वाटत होतं. उघडले की हिरवी लोकर दिसत होती. मग तो बाजूला वळला आणि कराकरा गवत खायला लागला.

"बघा!" दारातून मालकीण ओरडली. "मी म्हणत नव्हते? आईला ओळखलं शेवटी! अहो, रडताय काय?"

बाईंनी काकांच्या बाहीने डोळे पुसले. तेवढ्यात फोन वाजला. काकाच होते.

"डॉक्टरबाई, त्रास देतो, पण खातोय ना तो?"

"खातोय. आत्ता खायला लागला."

"मग ठीक. हुंकार दिला का तुम्हाला?"

हो म्हणायचं होतं. एकच अक्षर. मालकीण साक्षीला होती, आणि ते खोटंही म्हणता आलं नसतं. हेच वाक्य या माणसाला ऐकवण्यासाठी तर हा सगळा खटाटोप केला होता.

"मला नाही, काका," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दिला. गोणी मी डिकीतच ठेवली होती. इथे सांगितलं, तुम्ही विसरलात. दोन दिवस उपाशी राहिला तो. आज स्वेटर मी अंगात घातला, तेव्हा दिला."

दारात मालकिणीचं तोंड उघडंच राहिलं.  पलीकडे काका खाकरले.

गुंड्याचं खाणं थांबलं. कान फोनकडे वळले.

बाईंनी ते पाहिलं. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते त्यांना पुन्हा एकदा कळलं. एवढं सगळं कबूल करूनही जळायचं काही थांबलं नव्हतं. त्यांनी स्पीकर सुरू केला आणि फोन घोड्याच्या कानापाशी धरला.

"बोला, काका," त्या म्हणाल्या. "ऐकतोय तो."

"गुंड्या," फोनमधून आवाज आला, "अरे गाढवा, जेवत का नाहीस?"

गुंड्याने हुंकार दिला, मग आणखी एक. काका बोलत राहिले, खूप वेळ, काहीबाही. लोंबणारी बाही मागे सारत बाईंनी हात बदलला, आणि फोन तसाच वर धरून उभ्या राहिल्या.