फीत क्रमांक एक

"गेलं म्हणजे कुठं गेलं, मोसेसेकाका? डबा तर हा समोर आहे!"

लुपेने डिस्कवर बोट आपटलं. कमरेला आमच्याकडे सुतकात गुंडाळतात ती चटई, दुसऱ्या हातात आमच्यासाठी आणलेलं, अळूच्या पानांत शिजवलेलं गरम लू. तिची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. शनिवारी काळे कपडे उतरवायचे आणि जेवणाच्या वेळी भावंडांना आईचा आवाज ऐकवायचा, असं तिने पार ऑकलंडपर्यंत कळवून ठेवलं होतं.

मोसेसे आमच्या रेडिओ केंद्राचा तंत्रज्ञ. इथं बेटावर, नेईआफू गावात, तीस वर्षं आम्ही एकाच खोलीत बसतो. मी बातम्या वाचते, तो तारा जोडतो. गेली सात वर्षं तो जुन्या फिती संगणकावर उतरवत होता. उतरली की बुरशी धरलेली मूळ फीत मागच्या अंगणात जाळायची.

"जागा संपली म्हणून मार्चमध्ये चार टेराबाइटची डिस्क आणली, आधीचं सगळं तिच्यावर हलवलं," तो म्हणाला. "संगणक तोच जुना. फितीचं यंत्र दुसऱ्याला जोडताच येत नाही."

"मग?"

"डिस्कवर कुठला भाग कुठं, ह्याचा एक तक्ता असतो. जुन्या संगणकाच्या तक्त्यात दोन टेराबाइटच्या पुढचा आकडा मावत नाही. मला ठाऊक होतं गं. नव्या संगणकावर डिस्क तयार करून आणली, वाटलं भागेल. दोनच्या पुढं गेल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. मुकाट्यानं."

पुढचं पाठ, मागचं सपाट! आणि पहिली फीत एकोणऐंशी सालची, लुपेच्या आईची. आना तेव्हा कापडासाठी झाडाची साल कुटताना गायली होती.

"आधीची डिस्क?"

"पुसून शाळेला दिली."

"शाबास! आम्ही आईला पुरलं, तुम्ही जाळलंत."

मला राहवलं नाही. "अगं, यंत्राची चूक..."

"तू गप गं," मोसेसे मला म्हणाला. "यंत्राला कशाला बोल लावतेस? कुणाला तरी विचारायला हवं होतं मी. थकलो होतो. चालतंय ना, चालू दे, म्हटलं."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. सात वर्षं त्या कोंदट खोलीत खोकत बसलेला माणूस.

लुपे दारापर्यंत गेली, थांबली.

"उतरवताना तुम्ही ऐकलं असेल ना?"

"सगळं. फीत वाजते तेवढा वेळ बसावंच लागतं."

"मग म्हणा."

चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवणारा हा माणूस! त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मुठीने टेबलावर साल कुटल्याचा ठेका धरला आणि सुरू झाला. सूर कुठेच लागेना. लुपे दाराशीच खाली बसली.

दुसऱ्या ओळीत तो मध्येच थांबून दोनदा खोकला.

"पाणी देऊ?" लुपेने विचारलं.

"नको. इथं तुझी आई खोकली होती," तो म्हणाला आणि त्याने पुढची ओळ घेतली.