धोंडीराम म्हणजेच भागवत

माझ्या भाचीच्या, मोहिनीच्या पोराचं जावळ काढलं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पंचवीसला, माझी नात योगिता बारावी पास झाली. तिचा बाप, माझा मुलगा, आग विझवायच्या बंबावर नोकरीला होता. कामावर मेलेल्या अशा जवानांच्या लेकरांची कॉलेजची फी सरकार भरतं, असं तिला कळलं. आम्ही कागद गोळा करून तालुक्याला गेलो.

क्लार्कनं कागद परत सरकवले. "नोकरीच्या कागदावर भागवत, मृत्यूच्या दाखल्यावर धोंडीराम. मेलं कोण, आजी? शुक्रवारी मुदत संपते."

दवाखान्यात त्या दिवशी सून शुद्धीवर नव्हती. नाव मीच सांगितलं होतं.

बाहेर आल्यावर योगिता रडवेली झाली. "आज्जे, कावून सांगितलंस ते नाव?"

"दुसरं तोंडात आलंच न्हाई, बाई."

त्याच्या आधीची माझी दोन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून ह्याचं नाव धोंडीराम ठेवलं. धोंड्याला कोण उचलून नेतं? शिवाय शेजारच्या छबुबाईला तो पसाभर कोंड्यावर विकला आणि तिच्याकडून परत घेतला. भागवत हे नाव गुरुजींनी शाळेत घातलं. घरात ते कुणी वापरलं नाही.

दोन्ही नावं एकाचीच, असं प्रतिज्ञापत्र हवं होतं, आणि जुन्या माणसाची साक्ष. गुरुवारी छबुबाईला घेऊन गेलो.

"मयताला तुम्ही कसं ओळखता?" क्लार्कनं तिला विचारलं.

"म्या इकत घेतलता त्याला. पसाभर कोंडा देऊन."

क्लार्कचा हात थांबला. "मग पोरगा तुमचा का यांचा?"

"लगीच परत दिला की! कोंडा मातर हिच्या म्हशीनं खाल्ला, त्यो अजून न्हाई दिला."

"गप गं बये," मी म्हटलं. "चाळीस वरसं झाली. म्हैस बी मेली."

योगिता हसली. क्लार्कनंही हसत छबुबाईचा अंगठा घेतला. मग म्हणाला, "आजी, तुमचं म्हणणं लिहून द्या, की अर्ज जमा."

गावात मी 'तो गेला' एवढंच म्हणायची. नाव घेऊन कधी म्हटलं नव्हतं. तिथंच बाकावर बसून लिहून दिलं:

भागवत आणि धोंडीराम एकच. तो माझा मुलगा. कापसाच्या जिनिंगची आग विझवताना भिंत अंगावर पडून ९ मार्च २०२४ ला मेला.