वाकळीचा कोपरा

राजेश्वरीबाईंनी कडेगावच्या पोस्टात खिडकीवर छत्तीस वर्षं काढली, आणि तेवढ्या वर्षांत माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांनी हातच जास्त पाहिले. जाळीखालची फट एवढीशी, की माणसाआधी त्याचा हात आत यायचा. उसाच्या पाल्यानं चिरलेला, हळदीनं पिवळा झालेला, वाळूसिमेंटनं फुटलेला. हात आत आला की याला पोस्टकार्ड हवंय की तार करायचीय, हे बाई मान वर न करता ओळखायच्या. तार करायला आलेला हात निराळाच असे.

निवृत्तीनंतर बरीच वर्षं टीव्हीपुढं बसून काढल्यावर त्या कंटाळल्या आणि वाचनालयात जाऊन म्हणाल्या, "मला महिन्यातून एक रविवार द्या. मी माणसं बोलवते आणि त्यांच्याशी गप्पा मारते." कसली माणसं? तर पोटासाठी एक काम करणारी आणि जिवासाठी दुसरं. गप्पांना सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं व्हायची. समोर बसलेल्याला बाई म्हणायच्या, "आधी हात दाखवा."

मग पाहुणा लाजत लाजत हात पुढं करायचा, लोक माना उंचावून बघायचे आणि बोलणं आपोआप सुरू व्हायचं. वायरमन महेंद्रनं दाखवलेल्या हातावर भाजल्याचा डाग होता. हा पोरगा तुटक्या तारांतून पक्षी करतो. "खांबावर चढल्यावर शेजारी पाखरंच असत्यात की बाई," तो म्हणाला होता, "मग दुसऱ्या कुणाचा चेहरा ध्यानात राहणार?" त्यानं केलेला वेडा राघू वाचनालयाच्या टेबलावर अजून बसलेला आहे. माण तालुक्यातून हरणाबाई आली होती, मेंढरांमागं चालता चालता ओव्या रचणारी. लिहिता येत नाही म्हणून ओवी जमली की ती काठीवर एक खाच पाडायची. तिच्या काठीवरच्या खाचा बाईंनी बोटानं एकेक करून मोजल्या होत्या. माणसाच्या आत काय काय असतं आणि आपण त्याला नुसतं तिकीट विकत होतो, असं त्यांना वाटलं होतं.

तीस गप्पा झाल्या. एकतिसावी रंगूबाईंची ठरली.

रंगूबाईंची वाकळ म्हणजे साऱ्या तालुक्यात नाव. जुन्या लुगड्यांचे थर लावून, काठापासून आत आत धावदोरा घालत त्या वाकळ अशी शिवायच्या की उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली हे बायकांना सांगता येत नसे. दोन वर्षांपूर्वी प्रदर्शनात पहिला नंबर आला होता. शेती उसाची, मालक फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरात कशाला कमी नाही; पण लोक अजूनही आईची, आजीची लुगडी उराशी धरून रंगूबाईंच्या दारात यायचे.

कार्यक्रमाच्या आधीच्या सोमवारी बाई त्यांच्या घरी गेल्या. जाताना पिशवीत स्वतःची वाकळ घेतली. १९८१ साली मुलगी झाली तेव्हा आईच्या इरकली लुगड्यांतून रंगूबाईंनीच ती शिवून दिली होती.

रंगूबाई सोप्यात पलंगावर बसल्या होत्या, हात पदराखाली. "या, पोस्टातल्या बाई. लय दिसांनी पाय लागलं. आवं, च्या ठेवा की," त्यांनी आत बघून सांगितलं.

आतून सुभेदारांचा आवाज आला, "ठेवलाय." सुभेदार आकाराम शहात्तर वर्षांचे, पाठ अजून ताठ, मिशा अशा की गल्लीतली पोरं त्यांना बघून चेंडू खिशात घालत.

खाली जमिनीवर अर्धी शिवलेली वाकळ पसरलेली होती. बाईंनी आपली जुनी काढून शेजारी अंथरली, सहज, कौतुकानं. आणि बघता बघता त्या खाली वाकल्या.

जुन्या वाकळीचा धावदोरा बारीक होता, पण जरासा झुलत जाणारा, पाण्यावरच्या लाटेसारखा. नवीन वाकळीचाही तितकाच बारीक, पण परेडला उभा केल्यासारखा सरळ. जुन्या वाकळीच्या कोपऱ्यावर दोरा न थांबता वळला होता. नवीन वाकळीत तो वळला होता खरा, पण वळल्यावर दोन टाके जास्तीचे होते, एकावर एक, घट्ट. वाऱ्यानं तंबू फाटू नये म्हणून त्याच्या कोपऱ्याला घालतात तसे.

तंबू म्हटल्यावर बाईंना आठवलं.

चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा. आकाराम तेव्हा हवालदार, लेहकडं कुठंतरी. पत्ता नुसता लष्करी टपालाचा, ५६ एपीओ. रंगूबाईंना वाचता येत नव्हतं. पत्र आलं की त्या दुपारच्या सुट्टीत पोस्टात यायच्या आणि बाई वाचून दाखवायच्या. एका आंतरदेशीय पत्रात आकारामनं लिहिलं होतं की बर्फामुळं दिवस सरत नाहीत, फाटके तंबू शिवायचं काम माझ्याकडं आलं आहे, उरल्यासुरल्या कापडाची वाकळ शिवायला घेतली आहे, जवान हसतात, पण कोपरा काही जमत नाही, तो कसा वळवायचा ते कळव. ऐकून रंगूबाई पदर तोंडात कोंबून हसल्या होत्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या होत्या, "लिवा बाई. कोपरा आला की दोरा तोडायचा न्हाई. बोटभर अलीकडं थांबायचं आन् कापड फिरवायचं." बाईंनी लिहिलं. उत्तरात नवी शंका आली, तिचं उत्तर गेलं. होळीपर्यंत एक अख्खी वाकळ पोस्टानं शिकवून झाली होती, आणि त्यातला प्रत्येक टाका बाईंच्या हातून कागदावर उतरला होता. चाळीस वर्षं हे त्या विसरून गेल्या होत्या.

सुभेदार चहा घेऊन आले. रंगूबाईंनी पदरातून हात काढले, तेव्हा कप त्यांनी दोन्ही मनगटांमध्ये धरला. बोटं सगळी एका बाजूला कलून आकसलेली. बाईंनी सुभेदारांचा हात बघितला. तर्जनीचं टोक पांढरं, टणक. त्या बोटानं रोज सुई रेटलेली होती.

"सुभेदार, किती वर्षं झाली?" बाईंनी विचारलं.

सुभेदारांनी ट्रे खाली ठेवला. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "सात. संधिवातानं हिची बोटं वळली. घेतलेल्या चार वाकळा पडून हुत्या. लोकांच्या आयांची लुगडी ती, परत कशी देणार? म्हटलं, बघू जमतंय का."

"मी सांगायची, हे शिवायचं," रंगूबाई म्हणाल्या. "दारं लावून. आन् नंबर आला तवा हार माझ्या गळ्यात. तवापासनं मला गोड लागंना झालंय बाई. मी म्हणती सांगून टाकू. पण हे ऐकतील तर शपथ."

"न्हाई सांगायचं," सुभेदार म्हणाले.

"लाज वाटते का?" बाईंनी जरा डिवचलंच.

"लाज? बर्फात शंभर जवानांपुढं शिवलंय मी. लाजंचं न्हाई हो." ते खाली बसले, वाकळीवरची एक सुरकुती हातानं साफ केली. "मी चोवीस वर्सं भाईर. हिनं शेत बघितलं, पोरं बघितली, आन् उरल्या वेळात हे नाव कमावलं. आता माझं नाव निघालं की लोक काय म्हणतील, ठाव हाय? म्हणतील, कला सुभेदाराची, म्हातारी नुसती बसून हार घालून घेती. बापयानं जरा चूल पेटवली की गावभर कौतुक हुतं बाई. हिचं पुसलं जाईल. ते मी हुऊ देणार न्हाई."

बाईंनी आपली वाकळ घडी घालून पिशवीत ठेवली. दारापर्यंत पोचवायला आलेल्या रंगूबाईंनी हळूच विचारलं, "तुमी पहिल्यांदा हात बघता म्हणं?"

"यावेळी नाही बघणार," बाई म्हणाल्या.

शब्द दिला खरा, पण आठवडाभर तो त्यांना टोचत राहिला. हात लपवून ठेवायला सांगायचं, तेही त्यांनी? आणि बोलावं, तर नवऱ्यानं सात वर्षं जपलेलं बायकोचं नाव आपल्या एका वाक्यानं जायचं.

रविवारी वाचनालय भरलं. बायकाच जास्त, मांडीवर आपापल्या वाकळी घेऊन आलेल्या. पुढं नवी वाकळ अंथरलेली, तीन कोपरे शिवून झालेली, चौथा राहिलेला. सुभेदार मागं खांबाला टेकून उभे होते. रंगूबाई खुर्चीवर, हात पदराखाली.

बाईंनी थेट बालपणावर उडी मारली. पहिली वाकळ कधी शिवली? "बाराव्या वर्षी. सासूनं तीनदा उसवली." लोक हसले. कापड कसं निवडता? "जे अंगावर लय धुतलं गेलंय ते. नवं कापड आडमुठं असतंय, नव्या सुनंवानी." परत हसू. बाईंना जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून महेंद्र ओरडला, "बाई, हाताचं राहिलं की! आमचं भाजल्यालं हात सगळ्यास्नी दावलं, आन् मावशीला सूट व्हय?"

"व्हय, हात बघू द्या!" बायकांनीही उचलून धरलं. "सोन्याचं हात हायती ते!"

"आज वेळ थोडा आहे," बाई म्हणाल्या आणि आपलाच आवाज त्यांना खोटा वाटला. "आपण पुढचा प्रश्न..."

"का?" रंगूबाई म्हणाल्या. "इचारा की. ज्याला त्याला इचारता, मला न्हाई?"

मागं खांबापाशी सुभेदारांनी मान हलवली, नको. रंगूबाईंनी ती बघितली. मग त्यांनी पदर बाजूला केला आणि दोन्ही हात पुढं धरले, अगदी पोस्टाच्या खिडकीत धरावेत तसे.

पुढच्या रांगेतल्या बायका बघायला अर्धवट उठल्या.

"सात वर्सं झाली, ह्या हातात सुई ठरत न्हाई," रंगूबाई म्हणाल्या. "नंबर आल्याली वाकळ मी शिवली न्हाई. ज्यानं शिवली तो त्या खांबाआड उभा हाय."

सगळ्या माना मागं वळल्या. आधी कुजबुज, मग एका म्हाताऱ्यानं हाळी दिली, "काय सुभेदार! बंदूक सोडून सुई व्हय रं गड्या?"

"बंदूक सरकारची हुती, परत दिली," सुभेदार तिथूनच म्हणाले. "सुई घरची हाय."

हशा पिकला, टाळ्याही पडल्या. पुढच्या रांगेतली एक बाई कौतुकानं म्हणाली, "म्हंजे खरी कला सुभेदारांचीच की!"

हेच ते. राजेश्वरीबाईंनी सुभेदारांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता. आता आपण बोललंच पाहिजे असं बाईंना वाटलं, पण रंगूबाईंना कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

"कुणाची कला?" त्यांनी आवाज चढवला. "आवं, या की पुढं! बसा हितं. चौथा कोपरा घाला सगळ्यांदेखत."

सुभेदार आले. चष्मा लावला, एका फटक्यात सुईत दोरा ओवला आणि मांडी घालून बसले. हॉलमधल्या बायका उठून भोवती गोळा झाल्या. जाड बोटांतून सुई अशी सरसर निघू लागली की एकीनं आपल्या तोंडावर हात ठेवला. टाके भराभर पुढं सरकत कोपऱ्याजवळ आले.

"थांबा," रंगूबाई म्हणाल्या.

सुई थांबली.

"खालचा थर सरकलाय. हिरव्या लुगड्याचा."

सुभेदारांनी वाकळ उचलून खाली बघितलं. सरकला होता. वर बसलेल्या रंगूबाईंना तो दिसायचं काहीच कारण नव्हतं. मघाची बाई वाकून बघत म्हणाली, "अगं बया! हे कसं कळलं?"

"दोऱ्याचा आवाज बदलला की," रंगूबाई सहज म्हणाल्या. "तीन टाकं उसवा. हां. आता घ्या."

त्यांनी उसवले, पुन्हा घेतले. मग कुणी "कला कुणाची" असं विचारलं नाही. बायका आता सुईकडं कमी आणि रंगूबाईंच्या तोंडाकडं जास्त बघत होत्या. आपापल्या वाकळी पुढं करून त्या विचारू लागल्या, मावशी, माझ्या ह्या कडेला काय चुकलंय, हे भोक कसं बुजवू? सुभेदारांनी मान खाली घातली होती, पण मिशांखालचं हसू लपत नव्हतं.

कोपरा वळला. वळल्यावर सुभेदारांनी सवयीनं दोन टाके जास्तीचे घातले, एकावर एक.

"घातलंच!" रंगूबाई कडाडल्या. "चाळीस वर्सं सांगती, कोपऱ्याला गाठ मारू नका, अंगाला टोचती. बोटभर अलीकडं थांबायचं आन् कापड फिरवायचं. पत्रात लिवलं हुतं का न्हवतं?"

"लिवलं हुतं की," सुभेदार दोरा दातानं तोडत म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून राजेश्वरीबाईंकडं बघितलं. "पर ते अक्षर ह्या बाईंचं. जवानांनी मिळून आठ दिवस लावलं, तवा कुठं निम्मं लागलं. गाठ मार का मारू नको, ते आजून कळल्यालं न्हाई."

सगळं वाचनालय हसलं. राजेश्वरीबाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले.

"बाई," महेंद्र मागून म्हणाला, "आता तुमचं हात दावा!"

राजेश्वरीबाई उठल्या. वाकळीजवळ जमिनीवर बसल्या आणि आपले हात पुढं केले. मधल्या बोटाच्या कडेला छत्तीस वर्षांच्या पेनाचा घट्टा अजून होता. रंगूबाईंनी आपल्या वाकड्या बोटांनी तो चाचपून बघितला.

"व्हय," त्या म्हणाल्या, "ह्या हातांनीच लिवलं हुतं."