दामाजीचं कुंपण

मुलाच्या लग्नाची पंगत उठली आणि दामाजीच्या तोंडून एक वाक्य निसटलं. खरं तर दोष सुनेच्या मावशीचा. शालू ठाण्याच्या वर्तकनगरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. तिने डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या गावात, कोंबड्या हिंडणाऱ्या अंगणात सून म्हणून यावं, हे मावशीला फारसं रुचलं नव्हतं. विडा चघळत तिने विचारलं, की इकडे बाजार लांब, हळदीकुंकवाला साधी फुलं तरी मिळतात का? दामाजीने टोपी सारखी केली आणि सांगून टाकलं, "शालूच्या पहिल्या हळदीकुंकवाला या. बाजारातलं एक फूल दिसणार नाही. येईल त्या बाईच्या हातात आमच्या अंगणातला गुलाब पडेल."

शेजारी बसलेल्या नव्या सुनेने मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि ती हसली. त्या हसण्याने दामाजी पुरता अडकला.

अंगणात गुलाब होता. नव्हता असं नाही. विहिरीजवळ त्याच्या आईने लावलेलं गावठी झुडूप होतं. फिकट गुलाबी, तळहातात मावतील अशी फुलं यायची, वास मात्र ओसरीपर्यंत. पण वर्तकनगरच्या बायकांपुढे ते फूल काय ठेवायचं, असं दामाजीला वाटलं. गणपती विसर्जन झाल्यावर तो ठाण्याला जाऊन नर्सरीतून तीन कलमी गुलाब घेऊन आला. लालभडक, वाटीएवढी फुलं येणारे. कुंड्यांवर चित्रंच लावलेली होती.

रोपं जमिनीत लावली आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी माती उकरली. दामाजीने कोयता घेतला, विहिरीजवळचं झुडूप बुडापासून छाटलं आणि त्याच्या काटेरी काड्या कलमांभोवती दाटीने रोवल्या. कुंपण झकास झालं. कोंबड्या लांबूनच माना वाकड्या करून बघायच्या आणि निघून जायच्या.

मग सेवा सुरू झाली. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मध्ये पावडरीचा फवारा, वर शेणखत, खतावर आणखी खत. सगुणा, त्याची बायको, कोळंबी सोलता सोलता म्हणायची, "अवो, एकदा थर्मामीटर लावून बगा त्यांना." कोळंबी धुतलेलं पाणी ती तिथूनच कुंपणावर भिरकावायची. दामाजी कुरकुरायचा, की नर्सरीच्या रोपांना असलं चालत नाही. सगुणा सांगायची, की ती रोपांना देतच नाही, काड्यांना देते.

दिवाळीनंतर काड्यांना कोंब फुटले. दामाजी चिडला. कलमांचं खत ह्या फुकट्या खाणार! त्याने एकेका काडीचे शेंडे खुडून टाकले. आठवड्याने बघतो तर खुडलेल्या प्रत्येक शेंड्याजागी दोन फुटलेले. त्याने तेही खुडले. हा झगडा मार्गशीर्षापर्यंत चालला. इकडे कलमांची पानं मात्र काळ्या ठिपक्यांनी भरली, पिवळी होऊन गळाली. रोज पाणी पिऊन पिऊन मुळांना श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती.

अशात खडवलीहून निरोप आला. बहिणीच्या नवऱ्याचा हात मोडला होता आणि भात झोडायचं राहिलं होतं. दामाजीला जावंच लागलं. जाताना त्याने शालूला कलमांचं सगळं समजावलं आणि बजावलं, की कुंपणाचे शेंडे खुडायला विसरू नकोस. तो कोपऱ्यावर वळला तशी सगुणा सुनेला म्हणाली, "काय नको खुडू. काटं हायेत. हात फाटतील तुजं."

खडवलीचं काम लांबत गेलं. संक्रांतही तिकडेच झाली. हळदीकुंकू रथसप्तमीला ठरलं होतं आणि दामाजीला रात्री झोप लागेना. बहिणीच्या परसात नुसता झेंडू. रथसप्तमीला सकाळी तो टोपलीभर झेंडू घेऊनच निघाला. वाटेत मावशीला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होता आणि शालूला काय सांगायचं, ते जुळतच नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशीच त्याच्या नाकाला वास आला. आईच्या हातचा वाटावा असा, ओळखीचा. अंगणात आला आणि टोपली तशीच खाली ठेवली. कुंपण त्याच्या कमरेपर्यंत वाढलं होतं आणि आतून बाहेरून गुलाबी झालं होतं. त्याने खुडलेल्या प्रत्येक शेंड्याजागी दोन फांद्या, आणि फांदीफांदीला झुबका. आतली दोन कलमं वाळून गेली होती. तिसऱ्यावर एकच मोठं लाल फूल होतं, चित्रातल्यासारखं.

शालू परडी भरत होती. ओशाळून म्हणाली, "बाबा, शेंडे खुडायचे राहूनच गेले."

"राहिले ते बरं झालं," दामाजी म्हणाला. "मी असतो तर खुडले असते."

संध्याकाळी वर्तकनगरच्या बायका आल्या. काळ्या साडीत, हलव्याच्या दागिन्यांत शालू प्रत्येकीच्या हातात गुलाब ठेवत होती. मावशीने फूल हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि विचारलं, की हे नर्सरीतलं का. दामाजी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. तो काही बोलायच्या आत सगुणाच म्हणाली, "छे, नर्सरीतला जल्ला आजारी पडला. यो त्याचा वॉचमन."

बायका हसल्या त्या हसल्याच. निघताना मावशीने पिशवी पुढे केली. फूल नको म्हणाली, काडी द्या.

मग काय, दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरं काड्या मागायला येऊ लागली. दामाजीने त्यांना ओळीने बसवलं. काडीच्या अंगावर जिथे बारीक फुगवटा दिसतो, तो तिचा डोळा, त्याने दाखवलं. जाड टोक खाली, डोळा आभाळाकडे.

"आणि मग?" एका चिमुरडीने विचारलं.

"मग पाठ फिरवायची आणि खेळायला जायचं," दामाजी म्हणाला. "माती सुकली तरच पाणी."

ते एकुलतं एक लाल फूल सगुणाने केसांत माळलं होतं. त्याला वास नव्हता. दामाजीने त्याच्या शेजारी कुंपणावरचं एक गुलाबी फूल खोचलं.