माळ कुणाच्या गळ्यात

येळ्ळूरचं ठरत आलेलं माझं लग्न मोडलं आणि त्याचं खापर शामूवर, माझ्या धाकट्या भावंडावर फुटलं. मुलाकडच्यांनी जाता जाता विचारलं होतं, "तुमच्यातलं हे धाकटं नेमकं काय म्हणायचं?" गालावर दाढीचे खुंट, नाकात चमकी, अंगात माझा जुना कुडता. आमच्या वडगावातल्या घरचे दोन्ही यंत्रमाग शामूच्या जिवावर चालतात, त्याबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

विचारणारे सगळीकडेच भेटतात. बेंगळुरूच्या एका शिबिरात शिकल्यासवरल्या माणसांनी शामूपुढं बाई-पुरुष या दोन्हींत न बसणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दांची रांग मांडली आणि त्यातला आपला निवडायला सांगितलं. स्वारी जेवून परत आली. "शामू म्हणून हाक मारली तरी मला कळतंय की," एवढंच आम्हाला ऐकवलं. मला ते पटलं.

नागेंद्रअण्णाला, आमच्या थोरल्या भावाला, पटणं शक्य नव्हतं. त्यानं मंगळवारी जयाबाई जोगतिणीला घरी बोलावलं. यल्लम्माची माळ गळ्यात पडली की माणूस देवीचं होतं. साडी नेसायची, परडी घेऊन जोगवा मागायचा. मग कुणी हसत नाही, उलट पाया पडतात. आणि एकदा पडलेली माळ मरेपर्यंत निघत नाही. आपण शामूचं भलं करतोय असं अण्णाला मनापासून वाटत होतं, आणि त्याचा तो भलेपणाच माझ्या डोक्यात जात होता.

"मला नको माळ," शामूनं सरळ सांगितलं.

"तुला इचारलंय कुणी?" अण्णानं शामूचे केस धरले आणि डोकं मागाच्या लोखंडावर आपटलं. भुवई फुटली. ताणलेल्या पांढऱ्या सुतावर रक्त उडालं. आई मध्ये पडली, तर तिलाही त्यानं भिंतीवर ढकललं.

जयाबाई परडी उचलून उठली. "राजी नसंल त्याला देवी मागत न्हाय, नागेंद्रा."

अण्णानं परडीतली माळ हिसकावून घेतली. मागात सूत घेऊन धावणारा लाकडी धोटा माझ्या हाताला लागला, तो मी अण्णाच्या पाठीत घातला. त्याच्या लोखंडी टोकानं शर्ट फाटला, कातडी निघाली. अण्णानं वळून अशी ठेवून दिली की माझा दात हलला. मग शामूच्या छातीवर गुडघा रोवून त्यानं अडवणारा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याच झटक्यात त्यानं माळ घातली.

पुढचं मला सगळ्यात किळसवाणं वाटतं. अण्णानं शामूच्या कपाळाला भंडारा लावला आणि दारात जमलेल्या गल्लीसमोर शामूच्या पायांवर डोकं ठेवलं. "यल्लम्मा आई, चुकलंमाकलं पदरात घे!" तो खरोखर रडत होता. दारातल्या लोकांनीही हात जोडले. मघाशी त्यातल्या एकानंही हात मध्ये घातला नव्हता.

शामूनं धडक्या हातानं माळ स्वतःच्या गळ्यातून काढली आणि वाकलेल्या अण्णाच्या डोक्यावरून खाली सोडली.

अण्णाचा हात गळ्याकडे गेला आणि मण्यांना लागायच्या आधीच थांबला. तोंड पांढरंफटक पडलं. "जयाबाई, काढ गं. मला बायकू हाय, पोरं हाईत. मी तसला न्हाय!"

"म्या घातली न्हाय, म्या काढणार न्हाय," जयाबाई म्हणाली.

"शामू, तू तर काढ रं! लोक मला काय म्हणतील? असलं कसं जगू मी?"

"मलाबी तेच इचारायचं हुतं," शामूनं म्हटलं, आणि माझ्या खांद्याचा आधार घेतला. "आक्का, दवाखान्यात चल. हात लई दुखतोय."

गर्दीनं आम्हाला वाट दिली. उंबऱ्याबाहेर आल्यावर मी वळून पाहिलं. शेजारची पारूबाई पदर सावरून अण्णाच्या पाया पडत होती, आणि तो पाय पोटाशी ओढून ओरडत होता, "मी न्हाय! मी न्हाय!"