कंपनबाबांची शक्तिफळी

पडद्यावर बेचाळीस चौकटी होत्या. सव्वीस चौकटींत चाकांच्या खुर्च्या, नऊंत पलंग, चारांत भिंतीला टेकवलेल्या कुबड्या, दोनांत कुणाच्या तरी घरचं नुसतं छत. उरलेल्या एकीत कंपनबाबा.

साथीमुळे व्यायामकेंद्रं बंद होती, फिजिओथेरपी बंद होती, रस्तेसुद्धा बंद होते. बाबा तेवढे चालू होते, आणि त्यांनी घरोघरी पाठवलेल्या लाकडी शक्तिफळ्या.

"पावलाचा पुढचा भाग शक्तिफळीवर, टाच अधांतरी," बाबा म्हणाले. "घरच्यांनी गुडघा दाबून धरायचा. सोडायचा नाही. आता हुंकार ऐका." आणि बाबांनी नाक चोंदलेल्या म्हशीसारखा लांबलचक हुंकार सोडला.

एका खुर्चीतल्या ताईचा पाय थरथरू लागला. दोन वर्षांपूर्वी मणक्याला इजा झाल्यापासून ज्या पायानं तिचं एक ऐकलं नव्हतं, तो शिवणयंत्राच्या सुईसारखा टकटक नाचत होता. गुडघा दाबून बसलेल्या आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. पडद्यावर चौकटीमागून चौकट थरथरली. कुणी हात जोडले, कुणी हुंदके दिले.

नाचला नाही तो घड्याळकाकांचा पाय. काका शेजारच्या इमारतीत घड्याळं दुरुस्त करत. लहानपणच्या पोलिओनं त्यांचा पाय लुळा पडलेला. बाबांनी सर्वांदेखत निदान केलं की काकांच्या मनात शंका आहे. तेव्हापासून काकू काकांशी धड बोलत नव्हत्या.

हुंकारानंतर उपदेश. शरीर म्हणजे काठोकाठ भरलेलं मडकं, बाबा सांगत. हलवलं की शक्ती सांडते, आणि सांडलेल्या जागेतून रोग शिरतो. म्हणून व्यायाम वर्ज्य. व्यायाम करू नका हे पटवायला फारसं तप लागत नाही. ताईचा भाऊ जन्मात सोफ्यावरून उठला नव्हता; त्याला तर आपण आधीपासूनच योगी होतो असा शोध लागला.

आईनं ताईचे पाण्याच्या बाटल्यांचे डंबेल्स माळ्यावर टाकले. पायांना ताण देणं थांबलं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन शरीर उचलायचा रोजचा सराव थांबला. पूर्वी ताई पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात एकटी जायची. आता भावानं उचलायचं आणि आईनं दाराशी उभं राहायचं. ताईनं पाणी पिणंच कमी केलं. तहान लपवता येत होती.

पण एका हुंकाराच्या ऐन मध्यावर इंटरनेट अडकलं. बाबा तोंड वासून गोठले. आवाज बंद. पाय मात्र नाचतच राहिला.

ताई पूर्वी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. एकाच नमुन्यावर भरवसा ठेवायची तिला सवय नव्हती. आई आत गेल्यावर तिनं भावाला पावलाखाली जाडजूड शब्दकोश ठेवायला सांगितला आणि टीव्ही लावला. भावानं गुडघा दाबला. बातम्यांतली बाई उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील म्हणाली, आणि पाय त्याच तालात नाचू लागला.

"हिच्यातही शक्ती आहे की काय?" भाऊ म्हणाला.

ताईनं फिजिओबाईंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि थरथर पूर्वीपेक्षा जास्त आहे का, एवढंच विचारलं. जास्तच होती. मग त्यांनी बाबांच्या चमत्काराची शिवण उसवून दाखवली.

त्याच सुमारास बाबांनी महास्थिरव्रत जाहीर केलं: चाळीस दिवस हातसुद्धा हलवायचे नाहीत. आईनं ताईचं नाव देऊन टाकलं. पुढच्या सत्रात बाबांनी ताईला अनुभव सांगायला बोलावलं.

"अनुभव दाखवतेच," ताई म्हणाली. "बाबा, तुम्ही फक्त गप्प बसा. बाकीच्यांनी नेहमीसारखे गुडघे दाबा."

भावानं ठरल्याप्रमाणे कपडे धुण्याच्या पावडरीचं पाकीट उचललं आणि मागची सूचना खणखणीत वाचली: रंगीत कपडे वेगळे भिजवावेत. चौकटीमागून चौकट थरथरली.

"आता हात काढा. पाऊल फळीवरून उतरवून जमिनीवर सपाट ठेवा. बाबा, तुमचा हुंकार येऊ द्या."

बाबांनी सवयीनं सुरुवात केली. पाय एकेक करत शांत झाले. बाबांनी सूर वाढवला, चेहरा लाल झाला; पाय ढिम्म.

ताईनं समजावलं. पोटरीचा स्नायू अचानक ताणला की मज्जारज्जू त्याला आखडायचा हुकूम देतो. स्नायू आखडतो, सैल पडतो, दाब कायम असल्यामुळे पुन्हा ताणला जातो, पुन्हा आखडतो. एरवी मेंदू ही साखळी आवरतो. मणक्याला इजा झाली की तो लगाम तुटतो. पोलिओत हुकूम पोचवणारी मज्जापेशीच मरते, म्हणून काकांचा पाय हलत नाही. त्यात पाप नाही की शंका नाही.

"शंका होती हो," घड्याळकाका म्हणाले. "पण ती पायात नव्हती." काकू पहिल्यांदा हसल्या.

श्रद्धेची परीक्षा घेणारे दुष्ट, असं काहीसं पुटपुटत बाबांची चौकट काळी झाली.

"मग तो पाय बरा होत नव्हता?" आईनं विचारलं.

"नाही गं आई. थरथर वाढली, म्हणजे पाय जास्त आखडत होता. आपण त्यालाच गुण समजलो." मग ती पडद्याकडे वळली. "दार बंद आहे, शरीर नाही. ज्याला जेवढं हलवता येतं तेवढं हलवा, आपापल्या फिजिओला विचारून. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला गप्प बसवून तोच पुन्हा करून बघा."

आई स्टूल घेऊन माळ्याखाली गेली.

अकरा आठवड्यांनी ताईनं खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचललं आणि भावानं मोजपट्टी लावली. तिला एकटीनं पलंगावर जायचं होतं, आणि पलंग खुर्चीच्या बैठकीपेक्षा सात सेंटिमीटर उंच होता. पट्टीवर नऊ भरले.