तात्यांची आठ पावलं

आमचे वडील, तात्या, गेल्यानंतर दोन महिन्यांनी संडासाचं पाणी उतरेनासं झालं. धाकटा भाऊ सोपान पुण्याहून फोनवर म्हणाला, "रविवारी आईला घेऊन जातो. तिचे गुडघे असे. ती काय आता रानात जाणार आहे?"

त्याचं चुकत नव्हतं. तात्यांनी आईसाठीच कमोड बसवून घेतला होता. तो बंद म्हणजे निमगाव साव्यातलं तिचं राहणं बंद. मी शुक्रवारी गावी आले, तेव्हा आईनं ट्रंकेतून एक लुगडं काढलं, आणि परत ठेवलं.

संडासाची टाकी दर तीन वर्षांनी उपसायचा तात्यांचा नेम होता, आणि हे तिसरं वर्ष होतं. झाकण मात्र कुठं दिसेना. त्यावर माती ओढून त्यांनी गवती चहा लावला होता, तो आता सगळीकडे पसरलेला. न्हाणीच्या दारामागं त्यांच्या हातचं लिहिलेलं सापडलं : 'टाकीचं झाकण. मोरीच्या कोपऱ्यापासून लिंबाकडं आठ पावलं.'

मी आठ पावलं मोजली आणि पहार घातली. नुसती माती. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. मातीच.

आई बाजेवरून बघत होती. "तुझी आठ नव्हं. त्यांची आठ."

"ती कशी मोजायची आता?"

"चतुर्थीला ओझरला चालत जायचो. ते म्होरं, मी मागं. त्यांच्या दोनात माझी तीन व्हायची. म्हटलं, जरा दमानं चाला, गणपती काय पळून चालला नाय." दोन महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. "तुझं पाऊल माझ्यावर गेलंय. बारा टाक."

बाराव्या पावलाला पहार काँक्रीटवर वाजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महंमद हनीफ जुन्नरहून उपसायची गाडी घेऊन आले. तात्या नेहमी त्यांनाच बोलवत. झाकण सरकवून त्यांनी आम्हाला लांब उभं केलं. "कुणी वाकायचं नाही. हवा जाऊ द्या आधी." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, लोक तुंबल्यावर फोन करतात. हा एकच माणूस, तुंबायच्या आधी करायचा."

थोड्या वेळानं काठीनं वरचा थर हलवत त्यांनी विचारलं, "ॲसिड, फिनेल कुणी ओतलं?"

दहाव्याच्या दिवशी, सुतक फिटायचं म्हणून, बायडाआत्यानं सगळं घर घासून काढलं होतं. दोन कॅन ॲसिड संडासात गेलं. कॅन मीच बाजारातून आणून दिले होते. तात्या घरात ॲसिड आणू देत नसत. म्हणत, "टाकीत माझे गडी राबतात. दिसत नाहीत म्हणून मारू नका." गडी म्हणजे मैला कुजवणारे जंतू, पण लहानपणी मला ती खरीच माणसं वाटायची; दार लावून घेताना मी हळू आवाजात त्यांना राम राम घालत असे.

"मी आणलं होतं," मी म्हणाले.

हनीफभाईंनी काठी बाहेर काढली. "तात्यांचे गडी गेले मग. येतील नवे."

पाइप गुरगुरत राहिला. टाकी रिकामी होत आली, तसं मी म्हणाले, "एकदा स्वच्छ धुऊनच घ्या."

"नाही ताई. तळाचं थोडं ठेवायचं. तुमचे वडील उभे राहून ठेवायला लावायचे. त्यातूनच पुन्हा काम सुरू होतं." त्यांनी पाइप वर ओढला. "महिनाभर साबणाचं पाणी जपून. ॲसिड तर नावालाही नको."

"तिला सांगा," आई म्हणाली. "मला ठावं हाय."

गाडी गेल्यावर मी बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ उतरलं. आईनं आत जाऊन पुन्हा एक बादली ओतली, आणि बराच वेळ ऐकत उभी राहिली.

झाकणावर पुन्हा माती ओढली, गवती चहाचे दोन ठोंब लावले. दारामागं तात्यांच्या ओळीखाली मी लिहिलं : 'आईची बारा.'

संध्याकाळी सोपानचा फोन आला. "उद्या किती वाजता निघायचं, आईला विचार."

आई गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, येताना रिकामी पिशवी आण. गवार लई निघालीय."